‘का वापरायचा?’ हे विचारल्याशिवाय निरोध वाटू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की लाल फितीचं चित्र, शाळकरी मुलांची प्रभातफेरी आणि ‘समाजात जागृतीची गरज’ हे पालुपद वर्तमानपत्रांत ठरलेलंच. आपलं वर्तमानपत्रही त्याला अपवाद नाही. लैंगिक आरोग्याच्या समुपदेशनाचं काम करणारे आम्ही काहीजण या पालुपदाला कंटाळलो आहोत, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कात्री बेताने चालवावी, ही विनंती.

एचआयव्ही कशाकशाने होतो, हे कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर विचारून बघा. चारही कारणं पाठ असलेला माणूस पाच मिनिटांत भेटेल. त्याच्या खिशात निरोध असेलच असं मात्र नाही. शीरन, एब्राहम आणि ऑर्बेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली स्त्री-पुरुष संबंधांतल्या कंडोमवापरावरचे १२१ अभ्यास एकत्र करून पाहिले. माहिती असण्याचा आणि वापरण्याचा संबंध त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. ‘रोग भयंकर आहे’, ‘मलाही होऊ शकतो’ या जाणिवांचा संबंधही क्षीणच निघाला. घट्ट संबंध दिसला तो तीन गोष्टींचा: वापरायचा हे आधी ठरलेलं असणं, तो जवळ असणं आणि जोडीदाराशी त्याबद्दल बोलणं झालेलं असणं. पोस्टरवरचं कवटीचं चित्र यातलं काहीच करत नाही. भीती घातली की माणसाला धोका मोठा वाटतो खरा. पण म्हणून तो निरोध वापरायला लागतोच असं नाही.

मग माणूस ठरवतो कशावरून? त्याच्या स्वतःच्या कारणावरून. आणि ती कारणं पोस्टरवर कधीच नसतात. ‘दुसरं मूल इतक्यात नको.’ ‘दर महिन्याला तारखेची वाट बघत जीव टांगणीला लागतो.’ ‘आखातात जायचंय, मेडिकलमध्ये अडकायला नको.’ ‘माझ्यामुळे तिला काही झालं तर तोंड कसं दाखवू?’ यात ‘एड्स-प्रतिबंध’ हा शब्द कुठेही नाही, आणि तो यावा असा आमचा आग्रहही नाही. कारण ज्याचं त्याचं असेल तरच ते रात्री अकरा वाजता आठवतं.

याचीच दुसरी बाजू अशी की कारण संपलं की साधनही संपतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के नसबंदीवर होत्या, कंडोमवर ९.५ टक्के जोडपी आणि पुरुष नसबंदीवर फक्त ०.३ टक्के. म्हणजे बहुसंख्य घरांत कंडोमचं काम ‘पाळणा लांबवणं’ एवढंच. बाईचं ऑपरेशन झालं की तो घराबाहेर जातो. तांबी बसवली, दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सुरू केलं किंवा ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा) घेतली, तरी हेच होतं. ही साधनं गर्भ थांबवतात. गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) किंवा एचआयव्ही थांबवत नाहीत. हे वाक्य ऑपरेशनच्या दिवशीच, नवऱ्यालाही समोर बसवून सांगायला हवं. आमच्या माहितीत ते फार थोड्या ठिकाणी सांगितलं जातं. नवरा त्या दिवशी बहुधा डबा आणायला गेलेला असतो.

गरमीच्या बाबतीत तर शरीरच फसवतं. पहिला चट्टा दुखत नाही आणि काहीही उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत आपला आपण भरून येतो. दवाखान्यात जायचं जे एकमेव कारण होतं तेच नाहीसं झाल्यावर कोण जाणार? जंतू मात्र रक्तात राहतात. या टप्प्यावर २४ लाख युनिट बेन्झाथिन पेनिसिलिन एकदाच टोचलं तरी काम भागतं. पुढे गेल्यावर ते भागत नाही. म्हणून ‘चट्टा गेला’ हे ऐकल्यावर आम्हाला हायसं वाटत नाही.

आता ‘विश्वास’ या कारणाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. सांगली-मिरज पट्ट्यात १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच आपल्या सोबतिणींना निरोध वाटायचं काम उभं केलं. संग्राम ही संस्था आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही संघटना, ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय उभं न करणारी तीच बाई तिच्या कायमच्या माणसाबरोबर, तिकडे ज्याला ‘मालक’ म्हणतात त्याच्याबरोबर, तो वापरत नाही. अज्ञानाचा प्रश्नच नाही. तिच्याएवढी माहिती तालुक्याच्या डॉक्टरालाही नसेल. निरोध म्हणजे धंदा आणि निरोध नाही म्हणजे आपला माणूस, अशी ती खूण आहे. सदाशिव पेठेतल्या लग्न झालेल्या बाईने निरोधाचं नाव काढलं तर तिला ऐकायला मिळतं, ‘माझ्यावर संशय आहे?’ किंवा त्याहून वाईट, ‘तुझंच काही आहे का?’ दोन्हीकडे गणित एकच.

या गणिताशी भांडून उपयोग नाही. विश्वासाचीच सोय करून द्यावी लागते. दोघांनी एकाच दिवशी चाचणी करायची: एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ब. सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. ताजा संसर्ग चाचणीत लगेच दिसत नाही, म्हणून शेवटच्या जोखमीच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील तर ते पुरे झाल्यावर पुन्हा एकदा, आणि तोवर निरोध. प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या) चाचणीला ४५ दिवस पुरतात. बोट टोचून होणाऱ्या साध्या चाचणीला तीन महिने धरावेत. शेवटची पायरी बहुतेक जोडपी गाळतात: बाहेर काही घडलं तर एकमेकांना सांगायचं आणि पुन्हा तीन महिने निरोध वापरायचा, हे आधीच बोलून ठेवणं. ‘घडणारच नाही’ म्हणून हा विषय टाळणारे नंतर सांगूही शकत नाहीत.

इथे दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्या वेगळ्या सांगतो. गरोदरपणी बायकोची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होते. ती निगेटिव्ह आली की नवरा स्वतःलाही निगेटिव्ह समजतो. तिचा निकाल तिचाच असतो. दुसरी चूक आखाताच्या मेडिकलची. कोकणातून जाणारे तरुण व्हिसासाठी रक्त देतात, पास होतात आणि तो कागद चारित्र्याचा दाखला असल्यासारखा जपतात. आदल्या महिन्यात काही घडलं असेल तर तो कागद त्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि दोन वर्षांनी सुट्टीवर आल्यानंतरच्या रात्रीबद्दल तर नाहीच नाही.

समोरच्याचं कारण काढून कसं घ्यायचं, याची एक पद्धत आहे. दारू सोडवण्याच्या कामातून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती १९८३ साली मांडली, पुढे ती एचआयव्हीच्या कामातही आली. तिचा एक लहानसा भाग इथे देतो. ‘शून्य ते दहामध्ये, निरोध वापरणं तुम्हाला किती गरजेचं वाटतं?’ समोरचा म्हणतो, ‘चार.’ नवशिका समुपदेशक इथे हमखास घसरतो. तो विचारतो, ‘चारच? आठ का नाही?’ झालं. माणूस न वापरण्याची कारणं मोजायला लागतो: मजा जाते, मेडिकलवाला ओळखीचा आहे, ती काय म्हणेल. बोलता बोलता तो स्वतःलाच पटवतो. तेव्हा उलटं विचारायचं: ‘चार म्हणालात. एक का नाही म्हणालात?’ क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘नाही, तसं… पोरगी लहान आहे.’ हे ‘पोरगी लहान आहे’ लिहून ठेवायचं. पुढचं सगळं बोलणं त्याच्यावर. मग दुसरा आकडा: ‘ठरवलंत तर जमेल, याची खात्री किती?’ पहिला आकडा कमी असेल तर कारण अजून सापडलेलं नाही. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर कारणाला धक्का लावायचा नाही. तिथे हाताला आणि तोंडाला सराव द्यायचा.

ही जादू नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत पाच दवाखान्यांतून झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात समुपदेशनाच्या दोनच छोट्या बैठका घेतलेल्यांमध्ये सहा महिन्यांत लैंगिक संसर्ग साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसले. नुसती माहिती ऐकलेल्यांच्या तुलनेत. पण २०१३ मध्ये झटपट चाचणीबरोबर जोडलेल्या एकाच बैठकीच्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. आमचं मत असं, की ज्याचा निकाल पाच मिनिटांवर आहे त्या माणसाचे कान बंद असतात. त्याला तेव्हा आकडे विचारू नयेत.

तोंडाचा सराव म्हणजे ऐनवेळचं वाक्य आधी तयार ठेवणं. थंड डोक्याने केलेला निश्चय गरम डोक्याला आठवत नाही, म्हणून तो ‘जर-तर’मध्ये बांधायचा. ‘तो “आज राहू दे” म्हणाला, तर मी “मग आज नुसतं जवळ झोपू” म्हणेन.’ ‘दोन पेगच्या वर प्यालो, तर आज काही नाही.’ बायकांना आम्ही रोगाचं नाव न घेणारं वाक्य सुचवतो: ‘डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे निरोध वापरायला सांगितलंय’, ‘मला गोळ्यांनी मळमळतं, तुमचंच साधन बरं.’ खोटेपणा शिकवता, असा आक्षेप यावर घेतला जातो. जिच्यावर हात उगारला जातो तिला खरेपणाचा उपदेश करणारे आम्ही नव्हे. तिचं कारण ‘घरात शांतता’ हे असेल, तर तिच्या हातात राहील तेच साधन शोधावं लागतं, मग ते आधीच बसवता येणारं स्त्रियांचं कंडोम असो की रोज घ्यायची प्रेप गोळी. प्रेपने एचआयव्ही थांबतो, परमा आणि गरमी नाही. ती सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते, नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी.

हाताच्या सरावाबद्दल वर्तमानपत्रं संकोचतात, पण ‘कंडोम फाटतो’ ही अर्धी अफवा आणि अर्धी सरावाची कमतरता आहे. पाकिटात मागच्या खिशात ठेवलेला निरोध उष्णतेने आणि बसण्याच्या दाबाने खराब होतो. शर्टाचा खिसा किंवा पिशवी बरी. मुदत बघायची, बोटाने दाबून आत हवेची उशी आहे का ते पाहायचं. आतला निरोध एका कडेला सरकवून दुसऱ्या कडेने, खाचेपाशी फाडायचं, दाताने नाही. गुंडाळी बाहेरच्या अंगाला आहे ना, हे टेकवण्याआधी बघायचं. उलटा टेकवला गेला तर तोच पालटून लावायचा नाही, टाकून द्यायचा. टोकाला आलेला द्रव त्याला लागलेला असतो. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि मग मुळापर्यंत उलगडायचा. ती हवा राहिली की फाटण्याचं कारण तिथेच तयार झालं. एकावर एक दोन घालणारे शहाणे घर्षणाने दोन्ही फाडतात. आणि खोबरेल तेल! घरात ते हाताशी असतं, म्हणून हात तिकडेच जातो. तेल, व्हॅसलीन, तूप, कोल्ड क्रीम यांनी लॅटेक्स काही मिनिटांतच कमजोर होतं. कोरडेपणा असेल तर पाण्यावर आधारित जेल वापरायचं. बाहेर पडायचं ते ताठरता असतानाच, कड मुळाशी धरून. ‘आत राहिला’ या तक्रारीचं कारण नव्वद वेळा हेच: उशीर केला, कड धरली नाही.

‘मजा जाते’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. बरेचदा ती मापाची असते. बाजारात ४९ आणि ५३ मिलिमीटर अशी दोन मापं सर्रास असतात. ज्याला ४९ आवळतो त्याला ५३ दिला की तक्रार निम्मी होते. टोकाच्या आत जेलचा एक थेंब टाकला की उरलेलीही कमी होते. दोनपेक्षा जास्त थेंब टाकले तर निरोध सरकतो.

एवढं करूनही चूक झालीच, तर घड्याळ बघायचं. एचआयव्हीची शक्यता असेल तर ७२ तासांच्या आत, जमलं तर पहिल्या काही तासांतच, पेपची (संसर्गाच्या शक्यतेनंतर घ्यायची प्रतिबंधक) औषधं सुरू करून २८ दिवस पूर्ण घ्यायची. गर्भाची भीती असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, तीही ७२ तासांत आणि जितकी लवकर तितकी चांगली. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मेडिकलमधून ‘७२ तासांची गोळी’ घेऊन एचआयव्हीपासूनही सुटलो, असं समजणारे सुशिक्षित कमी नाहीत.

पुरुष दवाखान्यात कोणत्या दाराने येतो, तेही बघा. एसटी स्टँडच्या मुतारीत ‘धात, कमजोरी, टाइम कमी’ अशी जाहिरात लावणाऱ्याला ते दार बरोब्बर ठाऊक आहे. आपल्या आरोग्यखात्याला ठाऊक नाही. धात जाते म्हणून आलेल्या माणसाला ‘हा आजारच नाही’ असं सांगून परत पाठवणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आणि व्यवहारात मूर्खपणाचं आहे. तो आयुष्यात पहिल्यांदाच या विषयावर तोंड उघडतो आहे. त्याची काळजी आधी ऐकली, मग लघवीला जळजळ, पू, चट्टा हे विचारलं, तर परम्याचे रुग्ण तिथेच सापडतात. बायकांचं दार ‘अंगावरून पांढरं जातं’ हे. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांनुसार वेगवेगळ्या रंगांच्या औषधांच्या पाकिटांची सोय केलेली आहे. पूस्रावासाठीचं राखाडी पाकीट जोडीदारालाही द्यायचं असतं. तो आला नाही तर आठ-पंधरा दिवसांत तीच बाई तेच दुखणं घेऊन परत येते आणि ‘सरकारी औषधाला गुण नाही’ असं गावभर होतं.

आणि ज्यांना एचआयव्ही आहे त्यांच्या कारणाबद्दल तर कुणी बोलतच नाही. एचपीटीएन ०५२ या नऊ देशांतल्या अभ्यासात १,७६३ जोडपी होती आणि त्यात पुणेही होतं. एकाला एचआयव्ही असलेल्या जोडप्यात औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराकडे जाणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हे २०११ मध्ये जाहीर झालं. नंतरच्या युरोपातल्या पार्टनर अभ्यासात, औषधांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, मिलिलिटरमागे २०० च्या खाली गेलेल्या जोडीदाराकडून निरोधाशिवायच्या संबंधांतही एकालाही संसर्ग झाला नाही. ‘गोळ्या घ्या, नाहीतर मराल’ यापेक्षा ‘गोळ्या नीट घेतल्यात, व्हायरल लोड दबलेला राहिला, तर तिला तुमच्याकडून होणार नाही’ हे वाक्य किती वेगळं लागतं, याचा विचार करा. गोळ्या सुरू केल्यावर सहा महिन्यांनी व्हायरल लोड तपासतात. तो कागद माणसं लग्नाच्या पत्रिकेसारखा उलगडून बघतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी आणि परवानगीशिवाय वाच्यता यांना मनाई केली आहे, तरी केसपेपरवर लाल शाईने खूण करणारे अजून आहेत. एक लाल खूण शंभर पोस्टरांचं काम धुऊन टाकते.

येत्या डिसेंबरात आपण लाल फितीऐवजी जिल्ह्यातल्या सुरक्षा क्लिनिकांचे आणि चाचणी केंद्रांचे पत्ते, खोली क्रमांक आणि वेळा छापाव्यात. किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकांचेही. सोबत १०९७ ही मोफत हेल्पलाइन. ‘डॉक्टरांचा सल्ला’ या सदरात वंध्यत्वावर आणि गुडघेदुखीवर जेवढं येतं, त्याच्या दहाव्या हिश्शाने निरोधाच्या मापावर येऊ द्या. आणि आपले वार्ताहर सरकारी रुग्णालयात जातीलच, तर मोफत निरोधाचा डबा कुठे टांगला आहे ते बघून लिहावं. तो बहुधा केसपेपरच्या खिडकीशेजारी, रांगेच्या तोंडावर आणि वॉचमनच्या खुर्चीसमोर असतो, आणि म्हणून भरलेलाच असतो. तोच स्वच्छतागृहाच्या आतल्या भिंतीवर लावून महिनाभराने पुन्हा बघावा.

आपले,
लैंगिक आरोग्य समुपदेशकांचा एक गट, पुणे